पत्राचं दुसरं पान

बाबा, तुम्ही गेल्यावर तुमची बंदूक पोलिसांकडे जमा करावी लागली. तिला तेल लावायचं फडकं तेवढं माझ्याकडे राहिलं. आज गॅरेज आवरताना ते हाती लागलं, आणि इतक्या वर्षांनी तुम्हाला लिहायला बसले.

लंडनजवळच्या आपल्या इल्फर्डच्या घरात रानबदक गॅरेजमध्येच शिजायचं, कारण आईचा कायदा होता, ‘तुमची शिकार माझ्या किचनमध्ये नको.’ हॉस्पिटलचा आठवडा संपला की शनिवारी पहाटे तुम्ही एसेक्सच्या खाजणात जायचात, तुमच्या त्या म्हाताऱ्या पेशंटबरोबर. चिखलात पाय कसा टाकायचा ते त्यानंच तुम्हाला शिकवलं. दुपारी परत येऊन कॅम्पिंगच्या स्टोव्हवर मसाला परतायला घ्यायचात. मी स्टुलावर बसलेय, तुम्ही प्रत्येक घासाला म्हणताय, ‘जपून चाव, छर्रा असेल,’ आणि नाक मुरडत दारात उभी असलेली आई शेवटी रश्श्याची वाटी पुढे करतेच. हॉस्पिटलात तुम्ही कायम बाहेरून आलेले डॉक्टर होतात. शिकाऱ्यांच्या त्या क्लबात मात्र थर्मासमधला चहा फिरताना तुमचा कप वेगळा नसायचा. हे तुम्ही बोलून दाखवलं नाहीत, पण मला कळत होतं.

नव्वदच्या आसपास त्या खाजणातली शिकार बंद करायचा प्रस्ताव निघाला, तो नेमका मी नुकतीच लागले होते त्या पक्षी-प्राण्यांच्या सरकारी ऑफिसातून. लोकांची मतं मागवली होती. छापील कार्डं कितीही आली तरी ऑफिस ती मिळून एकच मत धरतं, म्हणून क्लबानं ठरवलं की प्रत्येकानं आपल्या हातानं लिहायचं. तुम्ही फोन केलात. मी म्हटलं, “बाबा, पहिल्याच लाइनला लिहा, आय ऑब्जेक्ट. बाकीचं मग.”

“अगं, आल्या आल्या भांडायचं? आधी समोरच्याचं चांगलं म्हणावं, मग आपलं गाऱ्हाणं. आणि हे बघ, तू मध्ये पडू नकोस. वशिल्यानं ऐकलं तर ते काय ऐकणं?”

तुमचं पत्र आलं. डॉक्टरी अक्षर मुद्दाम शाळकरी केलेलं, एका कागदाच्या दोन्ही बाजूंना. पहिल्या पानावर या देशाचे आभार, आमच्या ऑफिसचे आभार, पक्ष्यांना निवांतपणा हवाच हे कबूल. साहेबांनी वरवर नजर फिरवली. “लव्हली लेटर, धिस वन. सपोर्ट्स,” असं म्हणून त्यांनी ते पाठिंब्याच्या ट्रेमध्ये टाकलं आणि जेवायला गेले. लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं, तेव्हा त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. मी ट्रेपाशी उभी राहिले. मी तिथं प्रोबेशनवर होते, गोऱ्या ऑफिसात एकटी काळी. जेवणाच्या सुट्टीत सगळे शिकाऱ्यांना रानटी म्हणून हसायचे, आणि मीही हसायचे. मी पत्र तिथंच राहू दिलं. मनाशी म्हटलं, बाबांनीच सांगितलंय, मध्ये पडू नकोस.

शिकार बंद झाली. ती झालीच असती, एका पत्रानं काय होणार होतं! पण अहवालाच्या मागे कोणी काय मत दिलं त्याची यादी होती आणि क्लबाच्या सेक्रेटरीनं ती खाजणातल्या क्लबाच्या झोपडीत सगळ्यांसमोर वाचली. पाठिंबा देणाऱ्यांत तुमचं नाव. तुमचा तो म्हातारा पेशंट एवढंच म्हणाला, “यू माइट हॅव टोल्ड अस, डॉक्टर.” घरी येऊन तुम्ही चिखलाचे बूट न काढता गॅरेजमध्ये बसलात. मला म्हणालात, “कारकुनाची चूक असेल. विचारशील?” मी म्हटलं, “विचारते.” विचारलं नाही. तुम्ही दुरुस्तीचं पत्र लिहिलंत, त्याला छापील उत्तर आलं, आपल्या मताची नोंद घेतली आहे. ते दाखवायला तुम्ही एकदा झोपडीवर गेलात. कोणी ते हातात घेतलं नाही. पुन्हा गेला नाहीत. बंदुकीला मात्र दर महिन्याला तेल लावत राहिलात, आणि मला पुन्हा कधी विचारलंही नाहीत. तेच अजून सहन होत नाही.

पुढे तो म्हाताराही वारला. झोपडी पाडली. तुमची बाजू कोणाला सांगायची म्हटलं तरी ऐकायला माणूस उरलेला नाही. आईला सांगायचं धाडस नाही. हे पत्रही त्या फडक्यात गुंडाळून पुन्हा फळीवर जाईल.

एकच गोष्ट मी स्वतःशीसुद्धा नीट कबूल केली नव्हती. साहेबांनी पान उलटलंच नव्हतं, त्यांना दोष देता येत नाही. ते जेवायला गेल्यावर मी उलटलं होतं. मागे तुम्ही लिहिलं होतं, ‘तरीही विनंती, आम्हाला इथून काढू नका.’ ते वाचून मी कागद पुन्हा त्याच ट्रेमध्ये ठेवला, पहिलं पान वर करून.