रोजची थरथर

प्रिय दादा,

मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं, झोपही लागते.

बाबा गेल्याचं तू सगळं उरकल्यावर कळवलंस. वर लिहिलंस, "तुझ्या महत्त्वाच्या कामात व्यत्यय नको." उपकार झाले.

ते महत्त्वाचं काम काय, ते ऐक. पृथ्वीचं चुंबकत्व सतत बारीक थरथरतं. इथे दिवसा जास्त, रात्री कमी. यंत्र ते आपोआप टिपतं. यंत्राच्या खोलीला टेकवून कुणी लोखंडी सायकल लावत नाही ना, एवढंच मी बघतो. आठवडाभर मी नसतो, तरी ते थरथरलंच असतं. उद्याही थरथरेल.

आई नीट जेवते का?

शेवटी बाबांनी मला विचारलं असेल. तेव्हा तू काय सांगितलंस? मी कामात आहे म्हणून?

आईला नमस्कार. तुला सवडीने करीन.

तुझाच,
धाकटा