आधी विचारीन, मगच चित्र दाखवीन

सुवा (फिजी), मंगळवार

सेरुपेपेली,

तीर्थरूप लिहावं एवढी तुझी लायकी नाही आणि चिरंजीव लिहावं तर तू माझ्याहून मोठा, म्हणून नुसतं नाव. मामाची होडी आणि बुबूचा (आपल्या आजीचा) खोकला कसा आहे ते कळव. मी मजेत आहे. इलिसोनी तोंड लपवून बसलाय असं तू गावभर सांगतोयस, ते साफ खोटं आहे.

हो, रविवारी चर्चच्या सभागृहात आमच्या ऑफिसचा, कॉम्प्युटरवर व्हिडिओ दाखवायचा प्रोग्राम (मीच लिहिलेला, नाकारतोय कोण?) उघडताक्षणी बंद पडला. आजोबांच्या नृत्याचा जुना व्हिडिओ बघायला बुबू पुढच्या चटईवर बसली होती. "आले का रे?" म्हणाली. (त्यावर तू हसलास. आते-मामेभावांनी एकमेकांची टर उडवायची हा आपला रिवाज, पण चर्चमध्ये?) झालं असं, की पडद्यावर चित्र रंगवायचं काम प्रोग्राम स्वतः करत नाही, कॉम्प्युटरमधल्या ग्राफिक्स लायब्ररीकडून करून घेतो. ती आहे का, धड आहे का, काही न विचारता माझ्या प्रोग्रामने तिला थेट कामाला जुंपलं. सभागृहात आणलेला शाळेचा तो म्हातारा कॉम्प्युटर! लायब्ररी कोसळली आणि जाताना प्रोग्रामलाही घेऊन गेली. परक्या गावात यंगोनाच्या मुळांची जुडी पुढे ठेवून परवानगी घेतल्याशिवाय आपण पाऊल टाकत नाही, आणि मी गाढव बेधडक घुसलो!

आता नाही. आता आधी एक छोटा वेगळा प्रोग्राम पुढे जाऊन लायब्ररीला हाक मारतो. मेला तर तो एकटा मरतो. उत्तर आलं नाही, तर चित्र साध्या प्रोसेसरवर, रखडत का होईना, पण दिसतं. आमच्या बॉस मेरेसेइनी मॅडम म्हणतात, हे काढ, उघडायला उशीर होतो. मी तोंडावर सांगितलं, "नाही काढणार. तुमच्या नव्याकोऱ्या मशीनला घाई आहे म्हणून माझ्या बुबूने काळा पडदा बघायचा?" म्हणाल्या, "मग दुसरी नोकरी बघ." बघीन! शनिवारी आजोबांचा शोक सोडायला सगळा गाव जमेल तेव्हा ते पडद्यावर भाला घेऊन नाचतील म्हणजे नाचतीलच. मामा-मामींना नमस्कार.

तुझा (इलाज नाही म्हणून)
इलिसोनी

ता. क. सोबतच्या पेनड्राइव्हवर नवा प्रोग्राम आहे. शुक्रवारी सभागृहात कुणी नसताना एकदा चालवून बघ.

ता. क. २. कुणी नसताना म्हणजे बुबूही नसताना. इथे तसला जुना कॉम्प्युटर कुणाकडेच नाही, त्यामुळे लायब्ररीने उत्तर दिलं नाही तर खरंच काय होतं, ते मी अजून एकदाही बघितलेलं नाही. आजोबा दिसलेच, तर लगेच बंद कर. पुढचं आधी बुबूने बघायचं.