काबरीच्या पोटची गवरी

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

झालं! कालवड आहे! सकाळी नऊ चाळीसला, काही ओढाताण न करता. पांढरीशुभ्र, कपाळावर करडी झाक. काबरीनं चाटून चाटून कोरडी केली, तासाभरात पायांवर उभी. वारही वेळेवर पडली.

नीट लिहून ठेवते, नाहीतर पुढे मीच घोळ घालीन. गवरी म्हणजे विठ्ठलरावांची गवळाऊ जातीची गाय. ती मेली गेल्या वर्षी सप्टेंबरात, साप चावून. तिचं भ्रूण आमच्या पांढरकवड्याच्या केंद्रात, द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवलेलं. या फेब्रुवारीत ते मी काबरीच्या गर्भाशयात ठेवलं. काबरी म्हणजे त्यांच्याच घरची साधी गावरान गाय. पोट काबरीचं, मूल गवरीचं – आणि गवरीला जाऊन चौदा महिने झालेत! हे कुठल्या मोठ्या फार्मवर नाही, मुकुटबनच्या पलीकडे एका शेतकऱ्याच्या गोठ्यात घडलं.

विठ्ठलराव नाचायचेच बाकी होते. "मॅडम, मेलेली गाय वापस आणली तुमी!"

त्यांच्या पत्नी विमलताई मात्र दारातच उभ्या. घरची सगळी गुरं त्याच बघतात, दूध त्याच काढतात. तरी हळदकुंकू नाही, काही नाही. म्हटलं, या ना ताई, बघा तरी. तर म्हणे, "पाह्यलं." आणि आत गेल्या. मला राग आला. इतक्या वर्षांच्या कष्टाचं चीज झालं आणि बाई ढिम्म!

१६ नोव्हेंबर, शनिवार

अनंत सरांचा फोन. आमचे प्रकल्पप्रमुख, कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष माणूस. आज म्हणाले, "केतकी, राज्य पुरस्कारासाठी तुझं नाव पाठवतोय. नवीन भ्रूण केंद्र होतंय, त्याची प्रमुख तूच, असं धरून चाल. आणि शोधनिबंध लवकर पूर्ण कर."

यवतमाळला घरी फोन केला. मी या शिक्षणाला गेले तेव्हा बाबा म्हणाले होते, गुरांची डॉक्टर? माणसं संपली का? आज नुसतं "बरं झालं" म्हणाले. पण फोन ठेवल्याबरोबर शेजारी सांगायला गेले म्हणे! आईनं चुगली केली. फार बरं वाटलं. दिवसभर गुणगुणत होते.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

वजन छान वाढतंय. एक गंमत. कालवड दूध पिऊन झालं की काबरीजवळ थांबत नाही. गोठ्याच्या टोकाला एक रिकामा खुंटा आहे, तिथे जाऊन उभी राहते. गवरीचा खुंटा.

विठ्ठलराव खूश. "आपली जागा वळखली पोरीनं!" मी म्हटलं, काका, सकाळचं ऊन तिथेच येतं, म्हणून जाते.

आज ढगाळ होतं. परत येताना गाडीत लक्षात आलं.

९ डिसेंबर, सोमवार

मुद्दाम काबरीजवळ बांधायला लावली. दावं सोडलं की सरळ तिथेच.

१५ डिसेंबर, रविवार

आज जे बघितलं ते लिहायला हात धजत नाहीये. पण लिहिते.

लसीकरणासाठी गेले होते. अंगणात गाडी थांबली, मी उतरले. कालवड खुंट्याशी होती. माझ्याकडे बघितलं. मग सावकाश वळली, पाठ माझ्याकडे केली, मागचे पाय थोडे फाकवले आणि शेपटी एका बाजूला घेतली. तशीच उभी राहिली. हलली नाही!

महिन्याचं वासरू. त्याला अजून कुणी तिथे हात लावलेला नाही.

असं गवरी उभी राहायची. पहिल्या खेपेला तिला धरायला तीन माणसं लागली होती. गर्भाशय धुवून भ्रूणं बाहेर काढायची म्हणजे हात कोपरापर्यंत आत, वर नळी, वर कमरेत सुई. मग शिकली बिचारी. माझ्या गाडीचा आवाज आला की आपणहून वळायची, शेपटी बाजूला घ्यायची. मी कौतुकानं सगळ्यांना सांगायचे – बघा, किती समजूतदार गाय!

विमलताई दारात होत्या. त्यांनी कालवडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

लस दिली नाही. बाटली विसरले असं सांगून निघाले.

आता ते दुसरंही लिहिते. दुसरीकडे कुठे लिहिणार आणि कुणाला सांगणार? गवरीला साप चावला नव्हता. तिसरी खेप मी फार लवकर घेतली होती. दोन महिने विश्रांती द्यायला हवी होती, मी पाच आठवड्यांतच गेले. निबंधाला भ्रूणं कमी पडत होती, एवढंच कारण. नळी आत सरकवताना काहीतरी फाटून सुटल्यासारखं हाताला लागलं. मला कळलं होतं. त्याच क्षणी कळलं होतं! पण डब्यात भ्रूणं होती आणि ती वेळेत गोठवली नाहीत तर वाया जातात. दोन इंजेक्शनं टोचली, "उद्या येते" म्हटलं आणि डबा घेऊन पांढरकवड्याला निघाले. ती दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. पायाला तारेचे दोन ओरखडे होते. त्यावर बोट ठेवून मी म्हटलं, साप.

विठ्ठलराव रडले. माझे आभार मानले त्यांनी. धावत आल्याबद्दल.

१९ डिसेंबर, गुरुवार

चार दिवस विचार केला. डोकं ठिकाणावर आहे. स्वभाव आनुवंशिक असतो. गाय मारकी की गरीब, बुजरी की धीट, हे आईकडून येतं, आम्ही तर निवड करतानाच ते बघतो. गवरी शांत होती, तिची मुलगी शांत. माणसाकडे पाठ करून उभं राहणं हीही शांतपणाचीच खूण. आणि जागेचं म्हणाल तर योगायोग.

शिकलेली गोष्ट रक्तातून येत नाही, हे मला माहीत आहे. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही माहीत असतं. तरीसुद्धा ती गवरीची मुलगी आहे. काहीतरी उतरलं असेल, आपल्याला अजून न कळलेलं. एवढ्यावर मी झोपू शकते.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

पुरस्कार समितीचं पत्र. कालवड गवरीचीच आहे याचा डीएनए पुरावा हवा. आनंदानं देते! गवरीचा नमुना प्रयोगशाळेत पहिल्यापासून आहे. काबरीचे आणि कालवडीचे शेपटीचे केस मुळासकट उपटून आज पाकिटात भरले. कालवडीनं हूं की चूं केलं नाही. शेपटी आधीच बाजूला.

विमलताई बाजूला येऊन उभ्या राहिल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलल्या.

"काय पाहता या केसाइत?"

म्हटलं, ही गवरीचीच, याचा पुरावा.

"पुरावा कायले पाह्यजे? तुमाले दिसून नाई राह्यलं का?" मग जरा थांबून, "अन् कागदावर नाई निंगाली त?"

म्हटलं, निघणारच. दुसरं काय निघेल? त्या हसल्या. मला ते हसणं आवडलं नाही.

१८ जानेवारी, शनिवार

जायला नकोच वाटतं. पण वजनाच्या नोंदी हव्यात.

आज कालवड खुंट्याशी नव्हती. अंगणात बोरीच्या काट्यांचं कुंपण आहे, त्याच्याजवळ पडली होती. आजारी नाही. ताप नाही, पोट मऊ, डोळे स्वच्छ. नुसती कुशीवर पडून फाटकातून रस्त्याकडे बघत होती. हाक मारली, कान हलला, मान वळली नाही. घरात कापूस भरणं चालू होतं, माणसं येत जात होती. कुणाकडे लक्ष नाही.

"सकाळपासून अशीच," विमलताई म्हणाल्या. "तुमी यायच्या पह्यलेपासून."

मी म्हटलं, ऊन खातेय.

"गवरी इथंच पडली होती त्या दिवशी. तुमची गाडी गेली तवा. अंधार पडेपर्यंत रस्त्याकडंच पाहत होती. मी पाणी पाजलं, घेतलं नाई. मले वाटलं, वाट पाहून राह्यली."

वजन न करताच आले. गाडी सुरू केली तेव्हा आरशात बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. सरांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं, टाळ्या. पेढा रुमालात गुंडाळून ठेवला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अहवाल आला. तीनदा वाचला.

कालवड आणि गवरी – आई-मुलीचं नातं जुळत नाही.
कालवड आणि काबरी – जुळतं.

म्हणजे माझं भ्रूण रुजलंच नव्हतं. काबरी त्याच माजावर कुठल्यातरी वळूकडून गाभण राहिलेली. मी सात दिवसांनी भ्रूण ठेवलं, तेव्हा आत दुसरंच मूल होतं. तारखा जवळपास सारख्या, म्हणून मला संशयही आला नाही. बांधून ठेवा, वळूजवळ जाऊ देऊ नका, असं दहादा सांगितलं होतं!

सरांना फोन केला. म्हणाले, "नमुन्यांची अदलाबदल झाली असं लिही. दुसरे केस पाठव. कुठल्या गाईचे पाठवायचे ते तुला कळतं." मला कळतं. गवरीच्या दोन कालवडी आहेत, पहिल्या खेपेच्या भ्रूणांपासून झालेल्या, केळापूरच्या बाजूला, चांगल्या वाढलेल्या. त्यांच्यातल्या एकीचे चार केस, की पुरस्कार माझा, केंद्र माझं. कुणी बघायला येणार नाही.

पण रडू त्याचं येत नाहीये. पुरस्कार गेला तर गेला. दोन महिने मी स्वतःला सांगत होते – गवरीचं रक्त आहे, म्हणून. त्या एका वाक्यावर दिवस काढले. आता कागद सांगतो, रक्ताचा एक थेंबही गवरीचा नाही. काबरीची पोर, कुठल्यातरी सांडाची पोर. तिनं गवरीला बघितलं नाही, गवरीची ती कुणी नाही.

मग मला बघून ती वळते का?

मला भीती वाटतेय. लिहून टाकते. चाळीशीला आलेली, सोळा वर्षं नोकरी केलेली डॉक्टर बाई एका वासराला घाबरते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

केस आणले होते, केळापूरहून. पाकिटावर नाव घालायला बसले आणि तसेच चुलीत टाकले. नाव मागे घेत असल्याचं पत्र समितीला पाठवलं. सर बोलत नाहीत.

१५ फेब्रुवारी, शनिवार

विमलताईंना सांगितलं. सगळं. साप नव्हता, मी मारलं तिला, आणि ही कालवडही तिची नाही.

त्या तूर पाखडत होत्या. सूप थांबलं नाही.

"साप नोयता, हे मले त्याच दिवशी समजलं. तुमी डबा सांभाळून नेला, गाईकडं पाह्यलं नाई. म्हणूनच काबरी माजावर आली तवा मीनंच तिले गावच्या सांडाकडं नेलं. घरच्याइले सांगतलं नाई. म्हटलं, तुमचं रोप लागूच नये. गवरी पुन्हा या सुयाइत यायले नोको."

मग सूप खाली ठेवलं.

"मीनं सारे रस्ते बंद केलते, मॅडम. तरी गवरी आली. अन् माह्याकडं त ढुंकूनबी पाहत नाई."