हळूच उठवायचं

३ फेब्रुवारी
लग्नाला आठवडा झाला आणि आज भिलाईला, हुडको वसाहतीतल्या आमच्या घरी आले. 'आमच्या' लिहितानाच हसू आलं. गोंदियाचं माहेर रेल्वे फाटकाला लागून, मालगाडी गेली की कपबशा नाचायच्या. इथे दारावर बेल नाही, कुकर नाही, डाळ पातेल्यात शिजते. भांडी जुन्या चादरीवर पालथी घालायची. सासूबाईंनी जवळ बसवून माझ्या बांगड्यांना दोरा गुंडाळून दिला. प्रवीण स्टील प्लांटमध्ये रात्रपाळीला असतो आणि दिवसा झोपतो, म्हणून एवढी बडदास्त. लाडोबा आहे, पण मला आवडलाय.

९ फेब्रुवारी
आज प्रवीणला उठवायला हाक मारणार, तेवढ्यात सासूबाईंनी माझं तोंड दाबलं. मग कुजबुजत सांगितलं, हाक मारायची नाही, पायाला हात लावून हळूच उठवायचं. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोतला मोनू म्हणजे प्रवीणचा धाकटा भाऊ. परीक्षेच्या सकाळी उशाशी गजर वाजला, तो दचकला आणि गेला. अठरा वर्षांचा. नजर लागली, असं त्या म्हणतात.
आता मी शिंक आली तरी पदर तोंडात कोंबते. माझ्याच घरात मला माझ्या आवाजाची भीती वाटते.

१५ फेब्रुवारी
खुर्सीपारला हृदय तपासणीचं शिबिर होतं. फलकावर लिहिलं होतं, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर भावंडांनी जरूर यावं. सासूबाईंना बाजाराचं सांगून प्रवीणला नेलं. ईसीजी पाहून डॉक्टरबाईंनी मोनूबद्दल खोदून विचारलं. जन्मापासूनचा दोष आहे म्हणाल्या. वरून धडधाकट दिसतो, पण झोपेत मोठ्या आवाजाने दचकला तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. रोज गोळी घेतली तर धोका पुष्कळ कमी होतो.
म्हणजे सासूबाईंचं अर्धं बरोबरच होतं. मी रस्त्यातच रडले, आनंदाने.

१६ फेब्रुवारी
गोळ्या आणल्या, उद्यापासून सुरू. वेळ चुकू नये म्हणून फोनवर संध्याकाळी पाचचा गजर लावला. तोवर प्रवीण उठलेला असतो आणि फोन माझ्याच हातात असतो. सूर त्यानेच निवडला, लग्नातल्या सनईचा.

१७ फेब्रुवारी, दुपार
सासूबाईंना गोळ्या सापडल्या. ओरडल्या नाहीत. या घरात कुणी ओरडत नाही. दंड धरून मला मागच्या खोलीत ढकललं आणि कानाशी म्हणाल्या, "मोनूले बी डॉक्टरनं गोळीच देल्ली होती. दुसऱ्या दिवशी पोरगं गेलं. याले नाही देऊ देणार."
बाहेरून कडी घातली. गोळ्या मोरीत टाकल्या. नजर उतरवणाऱ्या बाईला आणायला सुपेल्याला गेल्या.
प्रवीण पुढच्या खोलीत झोपलाय. दार बडवता येत नाही. हाक मारता येत नाही. आयुष्यात इतकी असहाय झाले नव्हते. तो स्वतःच उठेल तेव्हा सांगेन.

नंतर
जाण्याआधी माझा फोन त्यांनी काढून घेतला होता. मी कुणाला बोलावू नये म्हणून प्रवीणच्या उशाखाली ठेवला, दाराच्या फटीतून दिसलं. त्यांना वाटतं फोन मुका आहे, या घरात तो कायम सायलेंटवरच असतो. आहेच मुका, पण गजर—
गजर मुक्या फोनवरही वाजतो.

नंतर
आज त्याची डबल ड्युटी होती. दुपारी दोनला आलाय. पाचपर्यंत उठणार नाही.
खिडकीला जाळी. मागे नुसती भिंत. कडी बाहेरून. केसातली पिन घालून पाहिली, वाकली.
ओरडले तर माझ्या आवाजाने. गप्प बसले तर—

ऊन भिंतीवरून उतरलं. फटीतून त्याचा पाय दिसतोय. एवढा जवळ. हात लावला की झालं असतं.
प्रवीण, ऊठ. हळूच ऊठ रे—

सासूबाई अजून नाहीत—

सनई. पहिला सूर हळू असतो. दुसरा