बीपीची गोळी आणि आडोसा

माय, आज डॉक्टरीणबाईंनी माझी बीपीची गोळी बदलली आणि घरी येईपर्यंत तूच डोक्यात होतीस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दवाखान्यातून बाहेर पडले की मला तुझाच राग येतो. हल्ली रागवायचंही त्राण उरत नाही, ते सोड.

तुलाही सरकारी दवाखान्यातून बीपीची गोळी मिळायची, शरीरातलं पाणी लघवीवाटे काढणारी. गावात असलीस की घ्यायचीस. ऊसतोडीला निघालो की ती पत्र्याच्या पेटीत तळाशी जायची. एकदा फडात तुला भोवळ आली. बाप पाणी आणायला पळाला आणि मी विचारलं, गोळी का घेत नाहीस? तू कोयता टेकून उठलीस. "कावून घेऊ? घडीघडी जावं लागतंय. ऊस तोडीत गेलं की आडोसा बी तुटत जातो. भवती समदे गडी. जाऊ कुठं?" समोर नुसतं पाचट पसरलेलं. त्या भीतीनं तू पाणीसुद्धा कमी प्यायचीस, हे मला फार उशिरा कळलं. पुढे तुझ्या अंगावरून वारं गेलं, एक बाजू लुळी पडली, आणि उन्हाळा सरायच्या आत तू गेलीस. लोक काहीबाही बोलले. मी कुणाला गोळीचं काही सांगत बसले नाही.

माझ्या हाती कोयता आला नाही, हे तुझ्यामुळं. मी बसवर कंडक्टर आहे, घाटनांदूरकडच्या फेऱ्या असतात. वाटेतल्या थांब्यांवर बायांची सोय नसते. ड्रायव्हरदादा भला माणूस, गाडी कडेला घेऊन बाभळीमागं जाऊन येतो. एकदा त्यानं मायेनंच विचारलं, "ताई, तुमाला बी जायचं हाय का?" आणि भरलेली गाडी माझ्याकडं बघायला लागली. तुला दिली होती तसलीच गोळी मलाही होती. त्या दिवसापासून मी ड्युटी असली की ती घ्यायची सोडली.

आज दाब चढलेला निघाला, साखरही वर सरकलेली. बाई वयानं लहान आहेत, पण सावकाश समजावतात. म्हणाल्या, "दाब कायम चढा राहिला की रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं, त्या कडक होतात. नीट सैलावल्या नाहीत की इन्सुलिनचं काम अवघड होतं, साखर स्नायूंपर्यंत पोचत नाही. जुन्या गोळीनं काही जणांची साखर थोडी वाढतेही. ही नवी वाहिन्या सैल करते, साखरेच्या दृष्टीनंही बरी. आणि हिच्यानं सारखं लघवीला जावं लागत नाही." मग विचारलं, "जुनी रोज घेत होतात ना?" मी हो म्हणाले. "रोज घेऊनही इतका दाब, म्हणजे जास्त पॉवरची द्यायला हवी," असं म्हणून त्यांनी तशी लिहून दिली.

मला तिथंच रडू आलं. अशी गोळी तुला मिळाली असती तर, एवढंच मनात होतं. बाईंना वाटलं मी साखरेला भ्याले. त्यांनी पाठीवर हात ठेवला. तेव्हा तरी मी खरं बोलायला हवं होतं.

नव्या गोळीचं पाकीट अजून फोडलेलं नाही. खोटं सांगून मिळालेली जास्तीची पॉवर अंगावर कशी घेऊ? आधी जाऊन त्यांना खरं सांगायला हवं. त्यांना काय सांगायचं, ते तुला लिहून बघावं म्हणून बसले. हे कुठं धाडायचं नाही, वाचणारं कुणी नाही. तरी माय, वर 'लघवी' लिहिलं ना, ते लिहून मी आधी खोडलं होतं.