नणंदेच्या कोठारामागची लिली

मी, स्टेफानिया ह्रित्साक, कै. पेत्रो ह्रित्साक यांची पत्नी, वय त्र्याहत्तर, राहणार लिपोव्का, सस्कॅचेवान, कॅनडा, हे कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची कायद्याला गरज नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. घर आणि बँकेतील शिल्लक माझा मुलगा मार्को याला. घर विकले तरी माझी हरकत नाही.

२. कंद उकरायचा पंजा आणि पराग लावायचा कुंचला गावच्या बागकाम मंडळाला. प्रदर्शनात मिळालेले सात चषकही मंडळालाच. ते घासून ठेवावेत. त्यातला एकही कोणी दयेपोटी दिलेला नाही.

३. आता माझ्या लिलीविषयी. जानेवारीत इथे उणे चाळीस होते. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, बटाटे लाव, फुले खाता येत नाहीत. मी बटाटेही लावले. लिलीला बियांपासून फुलायला चार-पाच वर्षे लागतात, आणि फुलल्यावर बहुतेक सुमार निघतात. त्या मी उपटत गेले. या खटपटीच्या सतराव्या वर्षी ही आली: जर्दाळूच्या रंगाची, पोटात काळपट लाल, माझ्या खांद्याएवढी, एका देठावर एकोणीस कळ्या. असे फूल या मुलखात दुसऱ्या कोणाकडे नव्हते, आणि नसावे अशीच माझी इच्छा होती. लिलीच्या कंदाचा एक खवला लावला तरी नवे झाड होते. मी एकही खवला कोणाला दिला नाही. शेजारीच राहणारी माझी नणंद ओलेना दानिलुक हिने अकरा वेळा मागितला. तुझ्या हाताने गवतसुद्धा जगत नाही, असे मी तिला चारचौघांत म्हणाले होते.

४. मार्कोवर माझा राग नाही, हे नोंदवते. चर्चच्या उत्तर भिंतीखालचा बर्फ जाईपर्यंत, कंद थंडीत वाचावेत म्हणून वाफ्यावर घातलेला पेंढा काढायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. तो शाळेपासून शहरात राहिलेल्या मुलाला सांगायचा राहिला, ही चूक माझी. यंदा एप्रिलमध्ये मी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. चार दिवस ऊन पडले. आईला बरे वाटावे म्हणून त्याने सगळा पेंढा काढून वाफा झाडून ठेवला. बर्फाचे पाणी साचले आणि पाचव्या दिवशी गोठले. मे महिन्यात मी मातीत हात घातला, तेव्हा कंद शिजलेल्या कांद्यासारखे बोटांना लागले. एकही उरला नाही.

५. जुलैत ओलेना दारात आली. म्हणाली, "चल माझ्याबरोबर. शिव्या आधी देऊन घे, नंतर सुचायच्या नाहीत." तिच्या कोठारामागे माझी लिली उभी होती. सात देठ. सहा वर्षांपूर्वी मी कंद वेगळे करताना फोन घ्यायला आत गेले, तेवढ्यात तिने दोन खवले हातमोज्यात घातले होते.

मी म्हणाले, "चोर आहेस."

"आहेच. मागत बसले असते, तर आज दोघी मिळून रडलो असतो."

मी एकेका देठावरच्या कळ्या मोजल्या.

६. सबब, कोठारामागच्या सर्व लिली मी ओलेनाच्या मालकीच्या करते. चोरी माफ केलेली नाही, कायदेशीर केली आहे. अट एकच: दर शरदात जो मागेल त्याला खवले द्यावेत. पहिले मार्कोला. त्याने ते आपल्या हाताने लावावेत आणि आपल्या हाताने झाकावेत.

७. फुलाची नोंद 'स्टेफानिया' या नावाने व्हावी. यात बदल चालणार नाही.

ओलेनाला लाभ होत असल्याने तिला साक्षीदार होता येत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून ती स्वयंपाकघरात वारेनिकीच्या, म्हणजे बटाटा भरून उकडायच्या करंज्यांच्या, पाऱ्या लाटत बसली आहे आणि तिथून ओरडते आहे, "वीतभर खोल लावायचे, तेही लिही."

लिहिले. वीतभर खोल लावायला तिला मी शिकवले, हेही लिहिले.

सही: स्टेफानिया ह्रित्साक

आम्हा दोघींच्या समक्ष सही झाली:
हालिना बोइचुक, निवृत्त शिक्षिका
आयरीन कोस्तिउक, टपाल कचेरी

लिपोव्का, ३ ऑक्टोबर २०१९