अहिल्याकाकूंच्या गिटारीची पारख

ट्रॉय, मिशिगन
१४ नोव्हेंबर २००४

ती. बाबांना,

रुचाचा शिरसाष्टांग नमस्कार. फोनवर तुम्ही तब्येत बरी आहे एवढं म्हणता आणि रिसीव्हर आईकडे देता, म्हणून हे पत्र.

इथे थंडी पडली. परीक्षित सातला ऑफिसला जातो. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, त्यामुळे दिवस सरता सरत नाही. मग समोरच्या अहिल्याकाकूंकडे जाऊन बसते. शशिकांतकाका मार्चमध्ये गेले. आता काकू घर विकून जानेवारीत मुलाकडे, यशकडे, जर्सी सिटीला राहायला जाणार आहेत.

परवा आवराआवरीत काकांची गिटार निघाली. अडुसष्ट साली इथे शिकायला आले, तेव्हा कँटीनमध्ये बशा धुऊन घेतलेली. यश फोनवर म्हणाला, आई, जस्ट डोनेट इट. काकू मला घेऊन दुकानात गेल्या. दुकानदाराने गिटार वाजवून पाहिली आणि फळीवरची चीर दाखवली. म्हणाला, गिटार ऑर्डिनरी आहे, तिची पेटी, म्हणजे केस, मात्र छान आहे, केसच्या किमतीत दोन्ही घेतो. काकू मान डोलावणारच होत्या. मला काय झालं कोण जाणे, विचार करून सांगतो म्हणाले आणि गिटार उचलून घरी आणली.

बाबा, केस उघडली आणि लाकडाचा वास आला. तशीच जमिनीवर बसून राहिले. आपल्या तंबोऱ्यांच्या कारखान्याच्या उंबऱ्यावर बसायचे ना, तशी. प्रल्हाददादा आत तुमच्याशेजारी, आणि मी बाहेर, कारण आत मुलींचं काम नाही.

पारख कशी करायची, ते सांगाल का?

माया असू द्यावी.
तुमची रुचा


मिरज
२९ नोव्हेंबर २००४

चि. रुचास,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं खुशाल. मी तंबोरे करणारा माणूस, गिटारी पाहिल्या त्या इथल्या चर्चमधल्या दोन-चार. पण लाकूड सगळीकडे लाकूडच.

आधी वाजवू नकोस. तो दुकानदार वाजवून मोकळा झाला, तिथेच चुकला. पुढच्या फळीचं भोक आहे, त्याची कड बघ. लाकडाच्या वरच्या रेघा कडेतून सरळ खाली उतरत असतील तर फळी एकसंध. थर दिसले तर प्लायवूड, मग विषय संपला. नंतर एक डोळा मिटून मानेच्या टोकाकडून बघ, मान वाकली असेल तर लगेच कळेल. मग बोटाच्या पेराने फळीवर ठिकठिकाणी हलकेच ठोक. जिथे खरखर येईल तिथली आतली आधाराची पट्टी सुटलेली असणार. बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन आत बघ, चीर आरपार आहे का तेही दिसेल.

केसचं म्हणशील, तर नुसती चकाकी बघू नये. झाकण चहूकडून बसतं का, मानेखाली टेकू आहे का, मखमलीला बुरशीचा वास येतो का, ते बघावं. तुमच्या हीटरच्या हवेने लाकूड सुकतं. साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात ओला स्पंज ठेव आणि ती डबी केसमध्ये ठेवून दे.

डिंक-बिंक लावायच्या भानगडीत मात्र पडू नकोस. ते हाताचं काम आहे. कुणा जाणकाराकडे ने.

प्रल्हाद पुण्याहून दिवाळीला आला होता. कारखान्यात डोकावला नाही. तारांखालची घोडी घासून पहिली जवारी त्याने काढली तेव्हा तेरा वर्षांचा होता. तसा स्वर मी त्या वयात काढला नव्हता. असो.

जावईबापूंना आशीर्वाद. स्वतःला जप.
बाबा


ट्रॉय
२ जानेवारी २००५

ती. बाबांना,

साष्टांग नमस्कार. रागावणार असाल तर आधीच पाया पडते.

फळी एकसंध निघाली. मान सरळ. चीर वरवरची. एक पट्टी सुटली होती, आणि ती मीच चिकटवली. माझा हात लहान, भोकातून सहज आत गेला. गोंद कागदाच्या पट्टीवरून सरकवला, खालून लाकडी टेकू दिला, दोन दिवस हात लावला नाही. मग तारा चढवल्या.

दुसऱ्या एका दुकानात म्हातारा कारागीर आहे. त्याने दिवा लावून आत पाहिलं आणि केसच्या आठपट किंमत सांगितली. वर विचारलं, पट्टी कुणी बसवली, तू हेच काम करतेस का. मला हो म्हणता येईना आणि नाही म्हणवेना.

काकूंनी मला गिटार छेडायला सांगितली आणि फोन तिच्याजवळ धरला. पलीकडून यश म्हणाला, डोन्ट सेल इट, मी येतो. दहा तास बर्फातून ड्राइव्ह करून आला. काकांच्या सुरात नाही जमलं, पण वाजवली त्याने. काकू स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या नाहीत.

बाबा, एक गोष्ट सोळा वर्षं गिळून बसले आहे. ती जवारी दादाने काढली नव्हती. तुम्ही सांगलीला मामांच्या दहाव्याला गेला होतात. दुपारी दादा क्रिकेटला पळाला आणि मी आत शिरले. घोडी मी घासली. मी अकरा वर्षांची होते. तुम्ही आल्यावर तार छेडलीत, दादाला छातीशी धरलंत, आणि मी उंबऱ्यावरून बघत राहिले. दादाही बोलला नाही, मीही नाही. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही त्याचं शाळेनंतरचं क्रिकेट बंद करून त्याला कारखान्यात बसवलंत. त्याचा दोष नाही.

पत्र पाठवू की नको, चार दिवस ठरत नव्हतं.

माया कमी करू नका.
रुचा


मिरज
२१ जानेवारी २००५

चि. रुचास,

आशीर्वाद. अक्षर आईचं आहे, घाबरू नकोस. मी सांगतोय, ती लिहितेय.

तुझं पत्र तिने मला दोनदा वाचून दाखवलं. मग मी प्रल्हादला फोन लावला. तो आधी हसला, आणि मग रडला. म्हणाला, बाबा, तुम्ही पहिल्यांदाच जवळ घेतलं होतंत, ते सोडवेना. मी त्याला नको असलेलं दिलं आणि तुला हवं होतं ते दिलं नाही. मुलीचा हात म्हणून कधी बघितलाच नाही. पारख, पारख म्हणून तुला पानभर लिहिलं, त्याची आज लाज वाटते.

डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दिवाळीपासून जवारी काढलेली नाही. फोनवर तुझ्याशी बोलत नाही, कारण आवाजावरून तू ओळखशील. ऑपरेशन करू, पण हात कापतो त्याला औषध नाही.

कोल्हापूरच्या एका गाणाऱ्या बाईंचा तंबोरा जवारीसाठी पडून आहे. दुसऱ्याकडे द्या म्हणालो होतो. काल तुला न विचारताच त्यांना निरोप पाठवला की माझी मुलगी मे महिन्यात येते आहे, जवारी ती काढेल. त्यांनी विचारलं, तिला येते का. मी सांगितलं, मिरजेत तिच्याइतकी कुणाला येत नाही. त्या थांबायला तयार आहेत.

त्या म्हाताऱ्या कारागिराला सांग, हो, मी हेच काम करते.

तुझा
बाबा

ता. क. हे माझं. सांगताना बाबा दोनदा उठून बाहेर गेले. ते लिहू नकोस म्हणाले, म्हणून लिहिते. तिकीट लवकर काढ.
आई